पेटीबंद पहिला अंक

मित्रांनो, मी चित्रकथेचा एक जुना अंक आहे. जुना असलो तरी दिसायला नवा कोरा आहे, आणि माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं. माझ्या वयाचे बाकीचे अंक कधी पाहिलेत, तर कोणाचं मुखपृष्ठ गेलेलं, कोणावर चहाचे डाग, कोणाच्या नायकाला मुलांनी शाईने मिशा काढलेल्या. मला मिशा काढायला कधी कोणी आलंच नाही.

माझा जन्म मुंबईत, गिरगावातल्या एका छोट्या छापखान्यात झाला. माझ्या मुखपृष्ठावर खवळलेला समुद्र आहे आणि त्यात मचव्याच्या टोकावर उभा असलेला तेजा तांडेल. वर लाल अक्षरांत नाव, कोपऱ्यात ‘अंक पहिला’. शाई वाळते न वाळते तोच माझ्यासारख्या शेकडो भावंडांचे गठ्ठे बांधून आम्हांला शहरभर पाठवून दिलं. मी गोदीच्या फाटकाबाहेरच्या एका टपरीवर दोरीला लटकलो.

तिथे मला भिवांनी पाहिलं. भिवा मंडणगडजवळच्या एका वाडीतले, गोदीत कामाला होते. त्यांची मुलगी दर्शना चौथीत जाणार होती आणि तिने निघताना बजावलं होतं, “बाबा, येताना चित्रांचं पुस्तक आणा.” भिवांनी मला दोन्ही हातांनी धरलं, उलटसुलट पाहिलं आणि घडी न घालता धुतलेल्या कपड्यांच्या मध्ये ठेवून गावी आणलं. त्यांच्या अंगठ्याचा हलका दाब माझ्या वरच्या कोपऱ्यावर उमटला, तो अजून आहे.

घरी पोचताच दर्शनाने माझ्यावर झडप घातली. पण भिवांनी मला डोक्यावर उंच धरलं.

“आधी स्कॉलरशिप. पास झालीस की तुझंच हाय.”

भिवा वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. ते स्वतः दुसरीपर्यंत शिकलेले. मुलं शिकली नाहीत तर पुन्हा हीच गोदी, हीच ओझी, एवढंच त्यांना कळत होतं, आणि ते खरंही होतं. शिक्षणापुढे त्यांना सगळं दुय्यम वाटे, मग माझी काय कथा! मी पत्र्याच्या ट्रंकेत गेलो.

दर्शना थोड्या गुणांनी नापास झाली. आई कमलाबाईंनी नवऱ्याची मनधरणी केली, “द्या की ओ पोरीला. कागदच हाय तो.” पण भिवा म्हणाले, “न्हाय. शब्द तो शब्द.” पुढे सातवीत मात्र पोरगी स्कॉलरशिप मिळवून आली आणि धावत ट्रंकेपाशी गेली. तेव्हा भिवा हसले आणि म्हणाले, “आता मोठी झालीस गो. चित्रांची पुस्तकं कसली वाचतंस? प्रमोदला होईल.” प्रमोद म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्यालाही पास होण्याची अट होतीच, आणि प्रमोदने तर पुढे आठवीत मुक्कामच ठोकला. झालं! माझा निकाल कायमचा राखून ठेवला गेला.

मी कमलाबाईंच्या लग्नातल्या लुगड्याखाली, डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिलो. वर्षातून एकदा, पाऊस सरला की, त्या ट्रंक रिकामी करून सगळं खळ्यात उन्हाला घालत. मला मात्र सुपाखाली सावलीत ठेवत, रंग उडू नये म्हणून. त्या दिवशी दर्शना शेजारी येऊन बसे. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. मग ती माझं मुखपृष्ठ पाहून आत काय असेल याच्या गोष्टी रचून प्रमोदला सांगे. एका वर्षी तेजाची बहीण हरवलेली असे, दुसऱ्या वर्षी त्याच्या मचव्यावर भुतं चढत. त्यातली एकही गोष्ट माझ्यात नव्हती. मी आतल्या आत ओरडत असे, अगं, एक पान उलट, फक्त एक! पण कागदाचा आवाज कोणाला ऐकू येतो? संध्याकाळी झाकण बंद होई आणि मी पुन्हा वर्षभर अंधारात.

वर्षं गेली. दर्शना शिक्षिका झाली. भिवा गेले, त्यांच्यामागून कमलाबाई गेल्या, आणि ट्रंक रत्नागिरीला प्रमोदच्या घरी आली. प्रमोद अखेर आठवी ओलांडून, रखडत रखडत पुढे जाऊन एका पतसंस्थेत कारकून झाला होता. ट्रंक उघडली तेव्हा मला वाटलं, आता तरी कोणीतरी वाचेल. त्याने मला उचललं आणि माझा फोटो काढला.

त्याच सुमारास तेजा तांडेलवर मोठा सिनेमा येणार अशी बातमी फुटली होती. जुन्या चित्रकथा जमवणाऱ्यांचा फोनवर एक गट असतो. प्रमोदने तिथे माझा फोटो टाकला आणि त्याचा फोन दिवसभर वाजत राहिला. सगळ्यांचा सल्ला एकच होता. उघडू नका, हाताळू नका, आधी दर्जा ठरवून घ्या.

मग असा दर्जा ठरवून देणाऱ्या एका कंपनीकडे माझी परदेशवारी झाली. तिथे पांढऱ्या दिव्याखाली, मोजे घातलेल्या हातांनी माझी तपासणी झाली. पिनांना गंज आहे का, कणा सरळ आहे का, पानं पिवळी पडलीत का, कोणी चिकटपट्टी लावून दुरुस्ती केली आहे का. माझं एकेक पान उलटलं गेलं. मी अंगभर शहारलो, मित्रांनो! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वारा लागत होता. पण त्या डोळ्यांनी एक ओळही वाचली नाही, पानं फक्त मोजली. शेवटी दहापैकी नऊ पूर्णांक चार असा आकडा मिळाला. सहा दशांश कशाचे कापले, तर ‘वरच्या कोपऱ्यात हलका दाब’. भिवांचा अंगठा तिथे दोष म्हणून नोंदला गेला.

नंतर त्यांनी मला कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत घातलं आणि पेटीच्या कडा वितळवून जोडून टाकल्या. ट्रंकेला निदान कडी होती, या पेटीला दारच नाही. ट्रंकेत अंधार होता म्हणून मी कोणाला दिसत नव्हतो. इथे सगळं जग मला पाहू शकत होतं, आणि पेटी फोडली की आकडा रद्द, म्हणून कोणीही मला उघडू शकत नव्हतं. मला तर ट्रंक बरी वाटू लागली.

माझी किंमत कशी ठरते ते आता ऐका, म्हणजे मी का चिडतो ते कळेल. पहिली गोष्ट तो आकडा. अर्ध्या गुणाने भाव निम्मा होतो किंवा दुप्पट होतो. दुसरी गोष्ट, मी पहिला अंक. नायक जिथे पहिल्यांदा अवतरतो त्या अंकाला मान, मग पुढचे अंक कितीही चांगले असोत. तिसरी, सिनेमाची बातमी. नट ठरला की मी वर, नटाने नकार दिला की मी खाली. आणि चौथी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. माझी भावंडं जितकी मरतील तितका मी महाग होतो. एकाला वाळवी लागली, एक पुरात भिजला, एक भेळवाल्याकडे गेला, की इकडे माझा भाव चढतो. नागपुरात माझ्यासारखाच एक धडधाकट भाऊ सापडला, तेव्हा मला इतका आनंद झाला, पण प्रमोद त्या दिवशी जेवला नाही. पुढे त्या भावाच्या घरात नळ फुटला आणि तो भिजून लगदा झाला. प्रमोदने पेढे आणले. मी पेटीतून ते पेढे पाहत होतो.

माझ्यात जी गोष्ट छापली आहे, तिला मात्र या बाजारात दमडीचीही किंमत नव्हती.

रत्नागिरीच्या दमट हवेने माझ्यावर बुरशी येऊ नये म्हणून प्रमोदने माझ्यासाठी वेगळं कपाट केलं आणि त्यात ओल शोषणारं यंत्र लावलं. त्याची बायको रेणुका दारातून म्हणाली, “आमच्या खोलीतला पंखा दोन वर्षं कुरकुरतोय, आणि ह्या कागदाला यंत्र!” पण तिलाही मी विकला जायला हवा होतो. वरचा मजला चढवायचा होता आणि त्याचे पैसे माझ्यातून येणार होते.

अखेर एका रविवारी पुण्याहून एक गृहस्थ मला न्यायला आले. दर्शनाही आली होती. ती आता मालगुंडच्या शाळेत शिकवते, केस बरेच पांढरे झालेत. ते गृहस्थ टॉर्च मारून पेटीच्या कडा तपासत होते, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “वाचणार का तुम्ही हे?”

“वाचायला?” ते हसले. “छे हो, मावशी! थेट बँकेच्या लॉकरमध्ये.”

लॉकर! ट्रंक झाली, पेटी झाली, आता पेटीसकट तिजोरी.

दर्शना भावाकडे वळली. “प्रमोद, विकायच्या आधी एकदा मला वाचायला दे.”

“ताई, ते उघडलं की संपलं. मग रद्दीच्या वर थोडा भाव येईल, बस. तुला वाचायचंच असेल तर फोनवर कुठेतरी मिळेल बघ.”

“फोनवर शोधून झालं माझं. मुखपृष्ठं मिळतात नुसती. आणि बाबांनी हे आणलं होतं.” तिचा आवाज वर्गात चढतो तसा चढला नाही, उलट खाली गेला. “नापास झाले म्हणून मिळालं नाही. पास झाले तरी मिळालं नाही. आता त्याला भाव आला म्हणून मिळायचं नाही. मी काय केलं म्हणजे मला ते मिळेल, ते तरी एकदा सांग रे.”

प्रमोद पेटीकडे बघत राहिला. मग तो उठून आत गेला आणि लोखंड कापायचं करवतीचं पातं घेऊन आला.

“अहो, काय करताय?” रेणुका ओरडली. ते गृहस्थ तर उभेच राहिले. त्यांनी ठरलेल्या रकमेवर आणखी रक्कम सांगितली. पातं पेटीच्या कडेला लागलं, त्यांनी आणखी वाढवली. प्लास्टिकचा भुगा खाली पडू लागला तसा माझा भाव चढत गेला. मित्रांनो, सिनेमाच्या बातमीने चढला नव्हता इतका भाव मला त्या वेळी आला! प्रमोदचा हात एकदा थांबला. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा कापायला लागला.

कट्कन आवाज झाला आणि मी मोकळा झालो. गृहस्थ चहा न घेताच गेले. जाताना ते माझ्याकडे मेलेल्या माणसाकडे बघावं तसं बघून गेले.

दर्शनाने हात धुतले, पदराला कोरडे केले आणि ती मागच्या पायरीवर बसली. प्रमोद तिच्या शेजारी बसला. ती शाळेत वाचून दाखवते तसं मोठ्याने वाचू लागली. वादळाच्या जागी तिचा आवाज वादळी होई, चोरांच्या जागी घोगरा. माझी पानं ताठली होती, ती कुरकुरत उलटत होती. प्रत्येक पानागणिक माझा आकडा घसरत होता आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. मला फक्त शेवटच्या पानाची भीती वाटत होती. त्या पानावर काय आहे ते त्या दोघांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

शेवटच्या चित्रात चोरांनी तेजाला समुद्राखालच्या गुहेत खांबाला बांधलं आहे. भरती येते आहे. पाणी त्याच्या गळ्यापर्यंत चढलं आहे. आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे, ‘तेजा सुटेल का? वाचा अंक दुसरा!’

दर्शनाने पान उलटलं. मागे साबणाची जाहिरात होती. तिने पुन्हा उलटून पाहिलं. ती खो खो हसायला लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. “बाबा,” ती म्हणाली, “अर्धीच गोष्ट ठेवलीत हो एवढी जपून!”

मी मान खाली घातली असती, पण मला मान नाही. मला वाटलं, आता ही मला बाजूला टाकणार आणि प्रमोद मजल्याच्या नावाने कपाळावर हात मारणार.

प्रमोद माझ्यावर वाकला. इतके महिने त्याने माझ्या कडा, कोपरे आणि आकडा पाहिला होता, आता तो गळ्यापर्यंत बुडालेल्या तेजाला पाहत होता.

“ताई,” तो म्हणाला, “मग पुढे काय झालं?”

रेणुका दोन दिवस कोणाशी बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी आता मालगुंडला दर्शनाच्या वर्गात असतो. मुलं ओल्या हातांनी मला धरतात. एका कोपऱ्याला घडी पडली आहे, पान सातवर आंब्याच्या रसाचं बोट आहे. प्रमोदने त्या गटावर लिहिलंय, ‘दुसरा अंक पाहिजे. फाटका, भिजका, कसाही चालेल.’ एकाने विचारलं, ‘आकडा किती हवा?’ प्रमोदने उत्तर दिलं, ‘वाचता आला पाहिजे.’

तेव्हा मित्रांनो, पुस्तकं जपा, पण हात धुऊन, वाचून जपा. आणि तुमच्या माळ्यावर, पलंगाखाली, बंद ट्रंकेत तेजा तांडेलचा दुसरा अंक असेल, तर कृपा करून तो बाहेर काढा. पोरं रोज विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. तेजा अजून गळ्यापर्यंत पाण्यात उभा आहे.