पडद्यावरची थप्पड

आपल्या लाडक्या धावपटू शिष्येच्या आयुष्यावरचा सिनेमा बघायला सर बायकोला घेऊन हौसेने गेले होते. पडद्यावरच्या प्रशिक्षकाने शर्यत हरलेल्या मुलीला सगळ्यांदेखत थप्पड मारली आणि सरांना दरदरून घाम फुटला. प्रत्यक्षात ती थप्पड तिच्या वडिलांनी मारली होती. सर तर मध्ये पडले होते.

घरी येताच त्यांनी तिला फोन केला.

"सर, बाबा अंथरुणाला खिळलेत. त्यांना असं कसं दाखवणार? तुम्ही समजून घ्याल, वाटलं."

"अगं, पण माझ्याकडे पोरी शिकायला येतात."



महिनाभरात अकरापैकी आठ मुलींना घरच्यांनी काढून घेतलं.

"आता तरी तोंड उघडा," बायको चिडून म्हणाली.

"मरायला टेकलेल्या माणसाची अब्रू काढू?"

उरलेल्या तिघींतली धाकटी एकदा धावताना अडखळून पडली. सर तिला उचलायला धावले, तर तिने दोन्ही हातांनी गाल झाकून घेतले. सर होते तिथेच थबकले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मैदानावर जाणं सोडलं.