चर्चेचे वीस गुण

"कोण आहे ते? मधे मधे हूं हूं कोण करतंय? आपापले माइक बंद करा बघू!"

फोनमधून साधना मॅडमचा आवाज आला तशी गोकुळाने जीभ चावली. साठ चौकोनांत एकच माइक उघडा होता, तो तिचाच.

"मी होय मॅडम. गोकुळा. ढिवरटोल्याच्या अंगनवाडीची मदतनीस."

"काही अडचण आहे का?"

"नाई जी. तुमी एवढ्या सांगून राह्यल्या, अन् कोनी हूं म्हनून नाई राह्यलं. आमच्याकडे गोष्ट सांगनाऱ्याले हूं देनारा पायजे. नाई तं सांगनारा उठून जाते."

मॅडम तिकडे पुण्यात की कुठे बसून हसल्या. भिंतीशी बोलून बोलून त्यांचाही जीव विटला असावा. "बरं, द्या तुम्ही हूं," म्हणाल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी, पोरं खिचडी खाऊन घरी गेली की, गोकुळा खिडकीशी बसायची. तिथेच रेंजच्या दोन काड्या उभ्या राहत. तांदळाच्या डब्याला फोन टेकवायचा आणि तीन ते चार हूं द्यायचा. कोर्स सहा महिन्यांचा. शंभरातले वीस गुण चर्चेत भाग घेण्याचे. स्वतःच्या अनुभवातलं बोला, दुसरीचं ऐका, नुसतं 'छान मुद्दा' म्हणू नका, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाया दुसऱ्या दिवसापासून 'छान मुद्दा' लिहायला लागल्या. मुलचेऱ्याकडची रिंकू मंडल तर ते एकदाच लिहून ठेवून दर गुरुवारी चिकटवायची, आणि एकदा तिने ते मॅडमच्या 'आवाज येतोय का?' खालीही चिकटवलं होतं.

गोकुळाला मात्र ते वीस गुण हवे होते. सेविकेची जागा दोन वर्षं रिकामी होती आणि खिचडीपासून वजनापर्यंत सगळा गाडा ती मदतनीस म्हणूनच ओढत होती. पोरीसोबत बसून बारावी काढली, ती या जागेसाठीच. कोर्स पास हो, जागा तुझी, असं सुपरवायझर मीरा मॅडमनी सांगून ठेवलं होतं.

चौथ्या महिन्यात विषय आला, 'माझ्या कामातली एक चूक'.

बायांनी चुकाही अशा काढल्या की पाटावर बसवून ओवाळाव्यात. एकीची चूक म्हणजे ती फार काम करते. दुसरीची म्हणजे पोरांना फार जीव लावते. रिंकूने 'छान मुद्दा' चिकटवला.

"गोकुळाताई, तुम्ही सांगा. काहीतरी खरं."

सांगायचं असं तिने ठरवलं नव्हतं. पण त्याच सकाळी बोअरवर रंजीताची सासू चार बायांत बोलताना तिने ऐकलं होतं, "अंगनवाडीत तं हिरवा होता पोट्टा. इच्या दुधातच खोट. घरी आनून मारला इनं." पोरगा कोलू गेला तशी सासरच्यांनी रंजीताला पोळ्यानंतर माहेरी घातलं होतं. माहेर गावातच, तलावाच्या काठाला.

गोकुळाने माइक उघडला.

"कोलू नावाचा पोरगा होता मॅडम. बारा महिन्याचा. आषाढात वजन घेतलं, सहा किलो दोनशे. म्हंजे लाल, अती कुपोषित. ॲपमधी टाकाच्या आधी वरतून फोन आला. यंदा लाल नको, आठ टाक. म्या आठ टाकले. पोरगा हिरवा झाला, ॲपमधी धडधाकट. लाल असता तं गाडी आली असती, दवाखान्यात भरती झाला असता. पोळ्याच्या चार दिवस आधी गेला. हे माही चूक."

साठ चौकोन. कुणी हूं दिलं नाही. साधना मॅडमचा चेहरा जागच्या जागी थिजला होता. गोकुळाला वाटलं, रेंज गेली. रेंज होती.

पुढच्या गुरुवारी मीरा मॅडम स्वतः आल्या. ब्रह्मपुरीहून जीपमध्ये कोंबून आलेल्या, पदर धुळीने माखलेला. पोरांच्या बुटक्या खुर्चीवर टेकल्या आणि पर्समधून कागद काढला.

"वाच. 'मागील चर्चेत माझ्याकडून अनवधानाने चुकीची माहिती दिली गेली.' दोन ओळी आहेत. वाच अन् मोकळी हो."

"फोन तं तुमीच केला होता मॅडम."

"अन् मले कोनी केला होता? आठ तुह्या बोटानं पडले गोकुळा, माह्या नाई." मग त्यांनी आवाज उतरवला. "तुह्या जागेचा कागद माह्या टेबलावर आहे. सहीच तेवढी बाकी. काऊन असं करून राह्यली वं?"

गोकुळाने फोन डब्याला टेकवला. तीन वाजले. चौकोन उघडले.

"गोकुळाताईंना एक दुरुस्ती करायची आहे," साधना मॅडम खाली बघत म्हणाल्या. "चर्चेचे गुण तुम्हाला पूर्ण मिळतील, ताई. ती काळजी नको." म्हणजे तिकडेही कागद पोचला होता.

गोकुळाने समोरचा कागद उलटा करून डब्यावर ठेवला.

"सहा किलो दोनशे," ती म्हणाली. "हेच दुरुस्ती आहे."

पुढचं बोलायच्या आत तिचा माइक तिकडूनच बंद झाला. मॅडम पुढच्या धड्याकडे वळल्या. बाया 'छान मुद्दा' लिहू लागल्या.

मीरा मॅडम उठल्या, कागदाची घडी घातली, चप्पल घातली. दारात वळल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर रागापेक्षा थकवाच जास्त होता.

"पुन्याले सांगाले काय हिंमत लागते? तिथी कोन ओळखते तुले? रंजीताले सांगितलं?"

जीप गेली. गोकुळाने अंगणवाडीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि घराची वाट सोडून तलावाची धरली.

रंजीता अंगणात सुपात झिंगे निवडत होती. "ये वं काकू," म्हणत तिने पाट पुढे सरकवला. "बस."

गोकुळा बसली नाही. उभ्यानेच सांगितलं. लाल सांगितलं, आठ सांगितलं, फोन सांगितला, बोट सांगितलं. रडली नाही. रडायचा हक्क या अंगणात तिचा नव्हता.

रंजीताचे हात सुपात थांबले.

"म्हंजे लाल होता."

"लाल."

"माह्या दुधात खोट नोती."

"नोती, माय."

तिने सूप खाली ठेवलं. मग तिने तो पाट हळूच मागे ओढून घेतला आणि भिंतीला उभा केला. पदराला हात पुसले.

"चाल."

"कुठी?"

"सासूच्या दारात. आता सांगितलं तसंच सांगजो. बोअरवरच्या बायाईलेबी बोलावतो."

तिने मागे पाहिलं नाही. उन्हं कलली होती, दारादारांत माणसं बसली होती. कुणीतरी ओट्यावरून हाक घातली, "कुठी चालल्या वं दोघी?"

रंजीता पुढे होती. गोकुळा दहा पावलं मागे, आणि ते अंतर तिने कमी केलं नाही.