वेणी डोलते तोवर

डोळे मिटा पाहू. तुमच्यासमोर मातीचं गोल मैदान आहे. कडेनं चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारल्या आहेत. एक फेरी चारशे मीटरची, आणि तुम्हाला अशा दोन धावायच्या आहेत. आता सांगा, शिट्टी वाजली की किती जोरात सुटाल? "जीव खाऊन!" असंच म्हणालात ना? आमची टिटवीही तेच म्हणायची. म्हणूनच तर ही गोष्ट झाली.

टिटवी बारा वर्षांची. तिला धावायला शिकवलं तिच्या ताईनं. आई कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीला, पहाटेच निघायची. त्यामुळे टिटवीची वेणी घालायचं काम ताईकडे. ती झाली की दोघी मैदानावर. पहिल्या फेरीत ताई दोन पावलं पुढे, टिटवी मागे.

"माझ्या वेणीच्या शेंड्याकडे बघत राहा," ताई म्हणायची. "वेणी डोलते तोवर वेग बरोबर. उडायला लागली की समज, आपण उधळलो. मग दुसऱ्या फेरीला पायात काही उरत नाही."

दुसऱ्या फेरीला ताई बाजूला व्हायची आणि ओरडायची, "जा, आता तुझं तू!"

मग ताईला मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नर्सची नोकरी लागली. बसनं नऊ तासांचा रस्ता. ती गेली त्या दिवसापासून टिटवीनं कुणाला वेणी घालू दिली नाही. आईनं कंगवा हातात घेतला की ही दाराबाहेर. केस वर गुंडाळायचे, चार पिना खुपसायच्या, झालं. भिंतीवरच्या कॅलेंडरात ताईच्या सुट्टीच्या तारखेभोवती गोल काढलेला होता. रोज एक दिवस खोडायचा असं ठरलं होतं, पण हिला कुठला धीर! सोमवारीच बुधवारपर्यंतचे चौकोन खोडून मोकळी.

"अगं, खोडल्यानं दिवस संपतात होय?" आई म्हणायची. एकदा तर टिटवी खरंच बुधवारी गुरुवारची पुस्तकं घेऊन शाळेत गेली.

अशात शाळेच्या फळ्यावर सूचना लागली. आठशे मीटरची निवड शर्यत. पहिल्या तिघींना क्रीडाशाळेत प्रवेश, राहायची सोयही तिथंच. ती शाळा ताईच्याच शहरात होती, ताईच्या रुग्णालयापासून चालत वीस मिनिटांवर. टिटवीनं सूचना तीनदा वाचली. म्हणजे प्रत्येक रविवार ताईबरोबर!

सरावाला वेळ मोजायला घड्याळवाले काका यायचे. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि गावात बिनचूक स्टॉपवॉच फक्त त्यांच्याकडेच. टिटवी सुटली ती बाणासारखी. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर मात्र पाय शिशाचे झाले, आणि एकेक करत सगळ्या मुली तिला मागे टाकून गेल्या. पुढच्या सरावातही तेच. त्याच्या पुढच्यातही तेच.

"पहिली फेरी एकाहत्तर सेकंद, दुसरी शंभर," काका चष्म्यावरून बघत म्हणाले. "पहिल्या फेरीत तुला बस पकडायची असते आणि दुसऱ्या फेरीत ती चुकलेली असते. असं का गं?"

टिटवी मातीत अंगठा रुतवू लागली. मग म्हणाली, "पुढे वेणी दिसत नाही. वाटतं, अजून थोडं जोरात गेलं तर दिसेल."

काकांनी घड्याळ खिशात ठेवलं. कुणाची वेणी, कशाची वेणी, सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांनी पुष्कळ पोरांना धावताना पाहिलं होतं, पण हे काही नवीनच.

"बरं, मला एक सांग," ते म्हणाले. "तू ताईची वेणी बघायचीस. पण ताईच्या पुढे कोण होतं? तिला कसं कळायचं वेग बरोबर आहे ते?"

"तिला... तिच्या पाठीवर लागत असेल ना वेणी."

"असेल. मला काय माहीत? मला तर टक्कल आहे."

टिटवी खुदकन हसली. पण घरी जाताना वाटभर तिचा हात राहून राहून डोक्यावरच्या पिनांकडे जात होता.

शर्यतीच्या सकाळी आईनं कामावर रजा टाकली होती. टिटवी कंगवा घेऊन तिच्यासमोर पाठ करून बसली. "घाल. ताई घालते तशी."

आईनं कंगवा हातात घेतला. इस्त्रीच्या वाफेनं राठ झालेली तिची बोटं केसांत अडकत होती. वेणी जरा डावीकडेच झुकली. "वाकडी झाली गं," आई म्हणाली. "असू दे," टिटवी म्हणाली.

शिट्टी वाजली. अकरा मुली सुटल्या. पहिल्या वळणावरच टिटवी नववी होती. पुढे सगळ्यांच्या पाठी, आणि त्यांत हवी ती पाठ नव्हती. पाय म्हणत होते, धाव, गाठ तिला! ती धावलीही. तशी वेणी उडाली आणि फटकन मानेवर बसली. टिटवीनं ओठ आवळले आणि वेग कमी केला. वेणी पाठीवर उतरली. डावीकडे, उजवीकडे. थोडी जास्त डावीकडेच.

"अगं, झोपलीस का?" कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडलं.

डावीकडे, उजवीकडे.

"ऐंशी!" पहिली फेरी संपताना काकांचा आवाज आला. आता बाजूला होऊन कुणी ओरडणार नव्हतं. टिटवीच मनात म्हणाली, जा, आता तुझं तू. आठवी, सहावी, पाचवी. शेवटच्या वळणावर तिनं वेणीला हवं तसं उडू दिलं. चौथीच्या खांद्याला खांदा लागला, मग तिसरीच्या. आणि दोरीपाशी टिटवी तिसरी आली, जेमतेम हातभर अंतरानं.

काकांनी ताईला फोन लावून दिला. पलीकडे रुग्णालयाची घंटा वाजत होती. ताईनं कितवी आलीस ते विचारलंच नाही. "पहिली फेरी किती?" ती म्हणाली.

"ऐंशी."

"वेणी कुणी घातली?"

"आईनं. वाकडी."

"मग मी येईन तेव्हा सरळ करू," ताई म्हणाली.

क्रीडाशाळा सुरू व्हायला अजून बावन्न दिवस होते. घरी येताच टिटवीनं त्या तारखेभोवती मोठा गोल काढला आणि पेन्सिलीनं आजचा चौकोन खोडला. पेन्सिल उद्याच्या चौकोनावर जाऊन टेकली. तिथंच थांबली. वेणी पाठीवर स्वस्थ पडली होती.

मग टिटवीनं पेन्सिल आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "उद्या दे."