डावीकडचा पाट

"तुम्हीच सांगा भाऊजी, पैसे भरू का नको?" मारोतरावांनी चहाची बशी खाली ठेवत विचारलं.

मारोतराव म्हणजे केशवरावांचे साळे, लाखनीचे धानाचे व्यापारी. एरवी कोणाचा सल्ला घेणारा हा गडी नव्हे. पण त्यांच्या मुलाने, सेवकने, नागपूरच्या फ्लाइंग क्लबातून विमान चालवायचं लायसन काढलं होतं, आणि आता मुंबईचा एक एजंट म्हणत होता की, पंख्याच्या विमानाच्या लायसनवर नोकरीला कोणी विचारत नाही, जेटचं ट्रेनिंग पदरच्या पैशाने करून या.

"नोकरीची हमी देते का तो?"

"नाही देत. रांगेत पुढे राह्यते म्हणे पोरगा."

हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी अड्याळच्या याच ओसरीवर खुशालने विचारला होता. केशवरावांचा एकुलता एक मुलगा, असंच लायसन काढून आलेला. तलावाखालची धानाची बांधी विकावी लागणार होती. केशवरावांची तेव्हा पापणीही लवली नव्हती. "सालदार ठेवला तर बैलजोडी मालकाची राह्यते. कामावर ये, पण बैल तुह्याच घरून आण, असं म्हणणारा मालक पाह्यला कधी? ज्याले पायलट पाह्यजे, तो आपल्या पैशानं शिकवन!" ओसरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणं बिनतोड होतं. आजही बिनतोडच होतं, आणि तेच केशवरावांना आतून पोखरत होतं.

खुशाल भांडला नाही. त्याने माजघराच्या भिंतीवर कोळशाने जेटच्या पायलटसमोरचा सगळा भाग काढला. घड्याळं, दांडे, बटणांच्या ओळी. समोर दोन पाट मांडले. उजवीकडच्या पाटावर बसून तो रोज सकाळी एकेका बटणावर बोट टेकवायचा.

"बाबा, या न. डावीकडं कॅप्टन बसते."

"मले बांधीत पाणी पाहाचं आहे," म्हणत केशवराव बाहेर पडायचे. मग त्याची आई, निर्मलाबाई, पदर खोचून कॅप्टन व्हायच्या. अक्षरओळख नव्हती, पण ऐकून ऐकून त्यांनी सारे शब्द पाठ केले. त्या पुकारायच्या, पोरगा बोट ठेवायचा.

कोणत्याच कंपनीचं बोलावणं आलं नाही. पैसे भरून ट्रेनिंग केलेले काही नोकरीला लागले, काही घरीच बसले. त्यामुळे बाप चुकला की बरोबर होता, हे कोणालाच सांगता येईना. मग एका पावसाळ्यात ताप खुशालच्या डोक्यात चढला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात शुद्ध नसताना त्याचा हात सारखा वर उठायचा, हवेत कुठेतरी टेकायचा, पुन्हा उठायचा. केशवरावांनी तो हात दोन्ही हातांनी खाटेवर दाबून धरला होता. खुशाल त्या तापातून उठला नाही. त्या हाताची ओढ अजूनही त्यांच्या तळव्यांत होती.

तेव्हापासून माजघरातून भिंतीवर बोट टेकल्याचा आवाज यायचा. निर्मलाबाईंनाही येत असावा. दोघं त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

"बोला न भाऊजी."

"सालदार ठेवला तर..." केशवराव म्हणाले आणि थांबले. आतून टक, टक असं ऐकू आलं. दिवाळी तोंडावर होती, निर्मलाबाई पांढऱ्या मातीने भिंती पोतारत होत्या. बांगड्या लागल्या असतील भिंतीला.

"सेवकबी भिंतीवर काढते का?"

"कागदावर काढलं हाये. दिवसभर त्याच्याच समोर बसून राह्यते."

"तुम्ही बसले का कधी बाजूले?"

"मी? मले त्याच्यातलं काय समजते?"

"भरा का नका भरू, मले खरंच ठाऊक नाही, मारोतराव. तवा ठाऊक होतं. पण हो-नाही म्हणाच्या पह्यले एक डाव त्याच्याजवळ बसून पाहा."

मारोतराव चेहरा पाडून एस.टी. धरायला निघून गेले. मुद्दाम सल्ल्यासाठी आलेल्या माणसाला याहून काही हवं होतं.

केशवराव माजघरात आले. दरसालप्रमाणे निर्मलाबाईंनी चित्राभोवतीची भिंत पांढरी केली होती, चित्राला हात लावला नव्हता. केशवरावांनी फळीवरचे दोन्ही पाट काढले, पुसले, मांडले. डावीकडच्यावर ते बसले.

"पुकार," ते म्हणाले.

निर्मलाबाईंनी हातातलं पोतेरं खाली ठेवलं. मग हलकेच म्हणाल्या, "पारकिंग बिरेक."

केशवरावांचा हात वर उठला आणि तसाच हवेत राहिला. कुठे टेकवायचा, ते त्यांना माहीत नव्हतं. निर्मलाबाईंनी ओल्या मातीच्या बोटांनी त्यांचं मनगट धरलं आणि मधल्या दांड्यापाशी नेऊन टेकवलं.