रविवारचा पहारा

मी बोलतेय, टोंगाच्या नौदलातली जुनी गस्तनौका. नुकुआलोफाच्या धक्क्याला बांधलेली, गंजलेली ती मीच. तोफ आहे माझ्यावर, पण गेल्या वीस वर्षांत तिच्यापेक्षा बंद पडलेल्या होड्या ओढून आणणारे माझे दोरच जास्त कामाला आले.

गेल्या वर्षी माझ्या शेजारी एक बिनमाणसांची बोट आणून बांधली. ड्रोन म्हणे. तिच्यात ना चूल, ना बिछाना, ना शिव्या देणारं कुणी. मला पहिल्या दिवसापासून तिचा संशय. जिला कधी भीतीच वाटत नाही, तिला धोका कसा कळणार? तीन महिने तिची परीक्षा होती. ती पास झाली की मला खोल पाण्यात नेऊन बुडवायचं, असं साहेबलोक माझ्याच डेकवर चहा पीत ठरवत होते. जनाची नाही, मनाची तरी!

तिने टिपलेली चित्रं माझ्या केबिनमधल्या पडद्यावर येत. आमच्या देशात रविवारी सगळी कामं बंद, मासेमारीसुद्धा. अशाच एका रविवारी सगळे चर्चमध्ये गेले होते. नौका कधी रिकामी सोडत नाहीत, म्हणून सेमिसी हा माझा जुना खलाशी एकटा पहाऱ्यावर होता. पडद्यावर एक होडी दिसली. तीन माणसं, शस्त्र नाही, जाळी नाहीत. खाली यंत्राचा शेरा होता, ‘स्थानिक होडी, धोका नाही.’ ड्रोन पुढे निघूनही गेली.

सेमिसीने ताबडतोब फोन लावला. कॅप्टन लोसालीनेबाई चर्चच्या पोशाखातच, कमरेला आमच्या रिवाजाची चटई गुंडाळलेली, तशाच धावत आल्या. पडदा पाहून वैतागल्या.

“अहो सेमिसी, यंत्र म्हणतंय ना, सगळं ठीक आहे?”

“मॅडम, आज वार कोणता? आपला माणूस रविवारी होडी काढेल का? ही कालची निघालीय. इंजिन बंद पडलंय तिचं.”

बाईंनी पडद्यावरची होडी पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाल्या, “चर्चमधून पोरांना बोलवा. निघायचंय.”

माझं इंजिन वाटेत दोनदा अडखळलं. खोटं कशाला बोलू, मी फार घाबरले होते. होडी वाहत वाहत खूप लांब गेली होती. बाप, लेक आणि म्हातारा आजा. पाणी केव्हाच संपलं होतं. आजाला तर उचलूनच वर घ्यावं लागलं.

अहवालात लिहिलं, ‘होडी ड्रोनने शोधली.’ ते खरंच आहे. तिच्याशिवाय ती कुणाला दिसलीच नसती, हे कबूल करताना माझा जीव जळतो. सेमिसीचं नाव मात्र कुठेच नाही. ड्रोन पास झाली.

परवा मला न्यायला येणार आहेत. पडदा काल समोरच्या नव्या कार्यालयात हलवला. सेमिसीची नेमणूकही तिथेच झाली, म्हणून मला जरा बरं वाटलं होतं. आज सकाळी त्या दारावर कामाच्या वेळांची पाटी लागली. शेवटची ओळ इथून स्पष्ट वाचता येते, ‘रविवारी बंद.’

माझं राहू द्या. मला खुशाल बुडवा. पण ती ओळ तेवढी पुसा हो कुणीतरी.