स्वयंपाकघराकडचा हूक

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. जुनी सागवानी वस्तू म्हटलं की लोकांना वाटतं, ही कशाला कुणाला भिईल. पण मी पडलो झोपाळा. माझा सगळा भार दुसऱ्याच्या हाती. छतातल्या चार हुकांनी धरून ठेवलं तर मी झोपाळा, सोडलं तर नुसती फळी. आणि फळी पडली की तिच्यावर विश्वासाने बसलेलं माणूसही पडतं. ही भीती मला टांगलं त्या दिवसापासून माझ्या अंगात आहे.

बडोद्यात समा भागातल्या एका सोसायटीत आमचं टेनामेंट आहे. पुढे ओटा, खाली तीन खोल्या, वर दोन, आणि एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. अशा घराला इकडे टेनामेंटच म्हणतात. दत्ताजीरावांनी ते बांधायला काढलं तेव्हा पादरा गावच्या एका लोहाराकडून चार हूक घडवून आणले आणि छत ओतण्याआधीच सळयांत अडकवून घेतले. "भिंत काय, मागाहूनही हलवता येते. झोपाळा आधी," असं त्यांनी गवंड्याला बजावलं होतं. माझी फळी राजपिपळ्याकडच्या सागाची. साखळ्या पितळेच्या, आणि त्यांच्या टोकाच्या कड्या लोखंडाच्या. पहिल्या दिवशी घरातली सगळी मोठी माणसं एकदम माझ्यावर येऊन बसली. मी डोळे घट्ट मिटून घेतले. काही झालं नाही. सगळे म्हणाले, काय भक्कम आहे, आणि मला अगदी धन्य वाटलं.

दत्ताजीरावांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. घरात आता तलवार नव्हती, एक कट्यार होती तीही कुठल्याशा वाटणीत गेली होती. पण खंडेनवमीची शस्त्रपूजा त्यांनी सोडली नाही. हत्यार नाही तर नाही, ज्याच्यावर सगळं घर विसावतं त्याची पूजा करू, असं म्हणून ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझी पूजा करायचे.

ती पूजा नुसत्या हळदीकुंकवाची नसायची. सकाळी मला खाली उतरवायचे. साखळ्या चिंचेने घासायचे. मग दत्ताजीराव स्टुलावर चढत, एकेका हुकात बोट घालत आणि डोळे मिटून आतून फिरवून बघत. लोखंड कुठे किती झिजलं ते त्यांना बोटाला कळायचं. "दम आहे अजून," असं ते म्हणाले की माझा जीव भांड्यात पडायचा. एकदा ते काही बोलले नाहीत आणि दुसऱ्याच दिवशी चारही कड्या नव्या आल्या. खाली उतरल्यावर मात्र ते काळं बोट हमखास धोतराला पुसायचे. धोतर धुवायचं काम नव्या सूनबाईंचं, म्हणजे निरुपमाबाईंचं. तो तेलकट काळा डाग साबणाने जायचा नाही, सोड्याने जायचा नाही. "मामंजी, आजच्या दिवस तरी जुनं धोतर नेसायचं होतं," त्या म्हणायच्या. दत्ताजीराव हसून मान डोलवायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचे.

ती वर्षं सुखाची होती. निरुपमाबाईंची मुलं माझ्यावर पाढे म्हणत वाढली, माझ्यावरच रुसून बसली आणि माझ्यावरच झोपली. मग दत्ताजीराव गेले. मुलं परदेशी गेली. निरुपमाबाई शाळेतून आणि त्यांचे यजमान माधवराव बँकेतून निवृत्त झाले. एवढ्या घरात दोघांना करमेना. तेव्हा ते वर राहायला गेले आणि खालचं घर दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना देऊ लागले. लोक फोनवर घर बघत, ठरवत आणि बॅगा घेऊन दारात उभे राहत. फोनवरच्या फोटोत सगळ्यात पुढे मी असायचो.

पाहुण्यांना घरात रुळवणं ही निरुपमाबाईंची खास हातोटी. आलेल्याला आधी काही सांगायचं नाही. माझ्यावर बसवायचं, पाणी द्यायचं, लीलो चेवडो, म्हणजे इकडचा ओलसर चिवडा, त्याची बशी पुढे करायची. माणूस दोन झोके घेऊन सैलावला की मग एकेक गोष्ट. गीझरचं बटण बाहेर आहे. पाण्याची मोटर सकाळी लावायची आणि विसरायचं नाही. मागच्या दाराची जाळी कायम बंद, नाहीतर वानरं आत येऊन केळी घेऊन जातात. किल्ली कुलपात थोडी वर उचलून फिरवायची. दही कोपऱ्यावरच्या डेअरीतलं घ्यायचं. कुणी जयपूरचं असो की जामनगरचं, चहा संपेपर्यंत ते घर त्याला आपलं वाटू लागायचं. पाहुणे मला हिंचको म्हणायचे आणि माझे फोटो काढायचे.

आणि तेव्हापासूनच माझ्या जिवाला घोर लागला.

त्याचं कारण खंडेनवमी. मित्रांनो, तुम्हाला ठाऊकच असेल की बडोद्याची नवरात्र म्हणजे गरबा, आणि गरब्याला सगळ्या जगातून माणसं येतात. घर वर्षभर रिकामं असलं तरी त्या दिवसांत भरलेलंच. पाहुणे घरात असताना मला उतरवणार कसं? पहिल्या वर्षी निरुपमाबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला नीट करू." त्यांनी फळीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला. पुढच्या खेपेलाही तेच झालं. पूजा एकदाही चुकली नाही. उतरवायचं तेवढं राहून गेलं, आणि मनोभावे पूजा होते म्हणून काही राहिलंय असं कुणाला वाटलंही नाही.

माझा स्वयंपाकघराकडचा हूक झिजत चालला होता. मला ते प्रत्येक झोक्याला कळत होतं. कडी त्याला आतून खात होती. मी काय करणार? माझ्याजवळ एकच आवाज, करकरण्याचा. मी जिवाच्या आकांताने करकरू लागलो. कॉलेजची मुलं चढली की करकर. सुरतेचे एक भारदस्त काका मांडी घालून बसले तेव्हा तर इतका ओरडलो की त्यांनी कानावर हात ठेवला. जाताना ते फोनवर लिहून गेले की घर उत्तम, पण हिंचको फार बोलतो.

निरुपमाबाईंना ते लागलं. पाहुण्याची झोपमोड झाली म्हणजे केवढी नामुष्की. त्यांनी केरसुणीच्या दांड्याला चिंधी बांधली, ती मशीनच्या तेलात बुचकळली आणि खालूनच चारही हुकांना भरपूर तेल पाजलं. मी गप्प झालो.

ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. ओरडता येत होतं तोवर भीती निम्मीच होती. आता माणसं यायची, बसायची, "बहु सरस" म्हणून मागे रेलायची, आणि मी आवाज न करता त्यांना झुलवायचो. हुकातली लोखंडाची भुकटी त्या तेलात कालवली जाऊन खाली ठिबकायची. फरशीवर बारीक काळे ठिपके पडायचे. कुणीतरी ते बघेल म्हणून मी आस लावून बसायचो. पण निरुपमाबाई स्वच्छतेच्या पक्क्या. पाहुण्यांच्या आधी येऊन त्या ओल्या फडक्याने फरशी लख्ख पुसायच्या. "पंख्याची धूळ, दुसरं काय," असं म्हणून फडकं बादलीत पिळायच्या. माझं सांगणं रोज त्या बादलीतून मोरीत जात होतं.

मग एका खंडेनवमीला नयनाबेन आल्या. नवरा आणि वर्षाची लेक झरणा, असे तिघे नैरोबीहून निदान शेवटच्या रात्रीचा गरबा गाठायला आले होते. नवरा सामान घेऊन आतल्या खोलीत गेला. झरणा प्रवासाने किरकिरी झाली होती. नयनाबेननी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. लहानपणी त्या अशाच झोपाळ्यावर झोपत असत. त्यांनी फळीवर गोधडी घातली, लेकीला निजवलं, समोर खुर्चीवर बसल्या आणि पायाने मला हळूहळू झोका देऊ लागल्या. झरणाचं डोकं स्वयंपाकघराकडच्या बाजूला होतं. त्याच बाजूला.

मी थिजलो. सकाळचं कुंकू अजून माझ्या कडेला ओलं होतं. ती पोर माझ्यावर अंग टाकून निजली, इतकी निर्धास्त की तिची मूठसुद्धा उघडली. एवढ्याशा जिवाचं ते काय वजन, पण हूक आता कशाचीच हमी देत नव्हता. मला थांबायचं होतं आणि नयनाबेनचं पाऊल मला थांबू देत नव्हतं.

निरुपमाबाई चहाचा कप त्यांच्या हाती देऊन नेहमीप्रमाणे सांगत होत्या, गीझर, मोटर, वानरं. तेवढ्यात वरून एक थेंब पडला, नेमका झरणाच्या कपाळावर.

नयनाबेन हसल्या. "निरुपमाबेन, तमे टपकुं पण करी दीधुं?" त्यांना वाटलं, घरमालकिणीने मायेने दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली.

"मी कुठे? में नथी कर्युं," निरुपमाबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून पदराने तो ठिपका पुसला. तो गेला नाही, पसरला. त्यांनी पुन्हा पुसला. पदराला काळा तेलकट पट्टा उमटला. त्यांनी तो दोन बोटांत चोळून पाहिला, नाकाशी नेला. तो डाग त्या ओळखत होत्या. सासऱ्यांच्या धोतरावर तो त्यांनी वर्षानुवर्षं घासला होता. त्यांची नजर हळूच वर गेली आणि हुकावर थांबली.

"नयनाबेन, झरणाने लई लो. हमणां ज." उचला तिला, आत्ताच.

"अरे, हमणां तो सूती छे," नयनाबेन म्हणाल्या. पोरीचा आत्ता कुठे डोळा लागला होता.

निरुपमाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी गोधडीसकट पोरीला उचललं आणि भिंतीपाशी गेल्या. झरणा दचकून रडायला लागली. नयनाबेनचा चेहरा उतरला. दारातून राहिलेली बॅग ओढत माधवराव आत आले.

"अगं, काय करतेस हे? पाऊल नाही टाकलं त्यांनी अजून घरात."

"अहो, त्याला हात लावू नका. हूक गेलाय."

"हूक? काल संध्याकाळी मी बसून पेपर वाचलाय त्याच्यावर." आणि पाहुण्यांची समजूत पटावी म्हणून माधवरावांनी माझ्या कोपऱ्यावर तळवा ठेवून जोर दिला.

कड्कन आवाज झाला. माझा तो कोपरा खाली गेला आणि जमिनीवर आपटला. फरशीला तडा गेला. साखळी सळसळत वरून आली आणि जिथे मघाशी झरणाचं डोकं होतं तिथे फळीवर आदळली. सागाला खोल खोच पडली.

झरणा रडायची थांबली. माधवराव तळवा तसाच पुढे धरून उभे होते. मित्रांनो, मला वाटायचं, एकदा पडलो की भीती संपेल. ती संपली नाही. त्या खोचेकडे पाहून मला माझीच भीती वाटली.

निरुपमाबाई पोरीला घेऊन खालीच बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. "मी फूल वाहत बसले हो," एवढंच त्या म्हणत होत्या. मग जरा शांत झाल्यावर त्यांनी नयनाबेनना दत्ताजीरावांचं बोट, ते धोतर, केरसुणीला बांधलेली चिंधी, सगळं सांगितलं. दुसरं घर शोधून देते म्हणाल्या. नयनाबेन बराच वेळ लेकीचे पाय हातात धरून बसल्या होत्या. त्या गेल्या नाहीत. गरब्याला मात्र त्या दिवशी कुणीच गेलं नाही. निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या खोचेवरून हात फिरवला. "काढी नाखता नहीं," त्या निरुपमाबाईंना म्हणाल्या, म्हणजे टाकून देऊ नका याला. "आवता वरसे झरणा आना पर ज सूशे. पण पहेलां तमे आंगळी नाखजो." पुढच्या वर्षी झरणा याच्यावरच झोपेल, पण आधी बोट घालून बघायचं, मग पोरीला निजवायचं.

मला टाकलं नाही. चारही हूक नवे झाले. आता ते छतातून आरपार जाऊन वर नटांनी आवळले आहेत, आणि स्वयंपाकघराकडचा नट निरुपमाबाईंच्या खोलीत अगदी पलंगाशेजारी येतो. खंडेनवमीला आमच्याकडे आता पाहुणे घेत नाहीत. त्या दिवशी मला उतरवतात. माधवराव स्टूल धरतात, निरुपमाबाई वर चढतात, हुकात बोट घालून डोळे मिटतात. "दम आहे," म्हणत खाली येतात आणि काळं बोट खुशाल माधवरावांच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसतात. फूल त्यानंतर.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणीतरी असेल, रोज भार वाहणारं. त्याला पुसा, सजवा, पूजाही करा. पण वर्षातून एकदा खाली उतरवून त्याच्या आत बोट घालून बघा. आणि ते करकरत असेल तर तेल शोधायच्या आधी मान वर करा.

माझी खोच तशीच आहे. भीती गेलेली नाही, ती माझ्याबरोबरच जाईल. नवा पाहुणा आला की निरुपमाबाई त्याला गीझरच्याही आधी सांगतात, "हिंचको बोलशे. बोलवा देजो." झोपाळा बोलेल, बोलू द्या त्याला. तो बसतो, मी करकरतो, आणि वरच्या खोलीत चालणारी पावलं क्षणभर थांबतात. ती ऐकताहेत हे मला कळतं. मग मी सावकाश पुढचा झोका घेतो.