एक्क्याऐंशी किलोचा माणूस

मित्रांनो, सत्य एकच असते आणि ते मी सांगतो. दोनशे ग्रॅम इकडेतिकडे. तेवढी सूट मला बनवणाऱ्यांनीच माझ्या पाठीवर छापून दिली आहे.

मी एक जुना वजनकाटा आहे. धान्य, भंगार किंवा नवजात बाळे मोजणारा नव्हे. मी ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्या मोजतो. चार चपट्या पाट्या आणि वायरींनी त्यांना जोडलेली एक डबी, एवढाच माझा देह. प्रत्येक चाकाखाली एक पाटी सरकवायची, गाडी वर चढवायची आणि डबीत बघायचे. कुठल्या चाकावर किती भार, डावीकडे किती, उजवीकडे किती, सगळे तिथे उमटते. गाडीला वजन असते हे सर्वांना ठाऊक असते. ते चारही चाकांवर सारखे वाटलेले नसते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लांबच्या प्रवासात अशांच्या शेजारी बसू नये.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यावर पितळी मापे ठेवून माझी परीक्षा घेतली गेली आणि मी पहिल्याच खेपेला पास झालो. मग खोक्यात बसून मी अण्णांच्या गॅरेजात आलो. गॅरेज म्हणजे एक लांबोडके पत्र्याचे दालन, एका बाजूला सुताराचे दुकान, दुसऱ्या बाजूला बर्फाचे गोदाम. दिवसभर एकीकडून करवत ओरडे आणि दुसरीकडून भिंत गार पडे. फरशीला उतार होता. म्हणून पातळी बघायला पाण्याची नळी लावून माझ्या पाट्यांखाली पातळ पत्रे सरकवले गेले आणि माझ्या चार जागा पांढऱ्या रंगाने आखल्या गेल्या. ते काम अण्णांच्या थोरल्या मुलाने केले. त्याला सगळे पैलवान म्हणत.

पैलवान गाडी चालवायचा आणि अण्णा ती बांधायचे. गाडी लहान होती, आतून सोलून काढलेली. मागची सीट नाही, गालिचा नाही, रेडिओ नाही. एवढे सगळे काढून वाचवलेले वजन पैलवान आत बसला की परत यायचे. तो एक्क्याऐंशी किलोचा होता.

"दादा, तू खाली उतरलास तर नवं इंजिन घ्यायची गरज नाही," धाकटी म्हणायची. धाकटी म्हणजे त्याची बहीण. ती तेव्हा कॉलेजात होती आणि गॅरेजात फक्त टिंगल करायला यायची.

"तू बस मग. वाऱ्याने उडून जाशील," तो म्हणायचा.

ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून गाडी उजवीकडे कलायची. त्याला उतारा म्हणून पैलवानाने डाव्या बाजूला, दाराला अगदी खेटून, अठरा किलोची शिशाची लादी चार बोल्टांनी बसवली. मग मला विचारले. डावीकडे पाचशे वीस, उजवीकडे पाचशे एकवीस. अण्णांनी माझ्या डबीवर थाप मारली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सन्मान समारंभ.

वजन करताना पैलवान स्वस्थ बसत नसे. शिंकायचा, गाणी म्हणायचा, खिशातून शेंगदाणे काढून खायचा. माझे आकडे नाचायचे. वैतागून अण्णांनी कॅनव्हासच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि त्यांत वाळू भरली. एक बुडाशी, एक पाठीला, दोन पायांसाठी. माझ्याच एका पाटीवर ठेवून त्यांनी त्या मापल्या. थोडी वाळू काढली, मूठभर टाकली, परत चिमूटभर काढली. बरोबर एक्क्याऐंशी. मुलगा असा मापून ओतताना मी पहिल्यांदाच पाहिला. पुढे गाडी माझ्यावर चढली की सीटवर पिशव्या बसत आणि खरा पैलवान बाहेर उभा राहून शेंगदाणे खाई.

एका दुपारी गंमत म्हणून तो माझ्या एका पाटीवर उभा राहिला. मी शहात्तर किलो चारशे दाखवले.

"अण्णा, फुकटात बारीक झालो की!" तो हसला. अण्णाही हसले. आदल्या दोन दिवसांपासून त्याच्या अंगात कणकण होती.

तो नवव्या दिवशी गेला. ट्रॅकवर नव्हे. तापाने, इस्पितळात, कुशीवर वळता वळता. हे ऐकल्यावर लोकांची जराशी निराशा होते, असे मी पाहिले आहे. मी त्या दुपारी आकडा बरोबर दाखवला होता. माझे काम चोख होते. त्याचा मला फार उपयोग झालेला नाही.

वर्षभर गाडीवर ताडपत्री होती आणि मी भिंतीवर चार खिळ्यांना टांगलेला होतो. मग एक दिवस धाकटी आली. ती आता शाळेत भूमिती शिकवू लागली होती.

"गाडी मी चालवते," ती म्हणाली.

अण्णांनी ताडपत्रीचे एक टोक धरले, तिने दुसरे.

शाळेमुळे ती गॅरेजात येत नसे. थेट रविवारी ट्रॅकवर जायची. इकडे अण्णा एकटेच मला खाली उतरवत, पांढऱ्या खुणांवर मांडत, गाडी चढवत. आणि सीटवर पिशव्या ठेवत. आधी बुडाची, मग पाठीची, मग पायांच्या. त्यांना पट्टा लावत. वर हेल्मेट ठेवत. हेल्मेटलाही वजन असते, त्यामुळे हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. पण मग ते म्हणत, "सरक जरा." आणि पिशवी सरकवत. "मान सरळ ठेव." आणि हेल्मेट सरळ करत. मग डबी चालू करून वाकत. पाचशे वीस, पाचशे एकवीस. ते समाधानाने मान हलवत. मित्रांनो, आता सीटवरचे पोरगे शिंकत नव्हते. मी तासन्‌तास एकही ग्रॅम न हलता तो आकडा धरून बसे. जिवंत माणसाचे वजन इतके स्थिर नसते, हे मला ठाऊक होते. पण काट्याला कोणी मत विचारत नाही.

पहिल्या रविवारनंतर धाकटी गाडी परत सोडायला आली, तेव्हा दारातूनच बोलली. "डावीकडे वळते तेव्हा गाडी माझी असते, अण्णा. उजवीकडे वळते तेव्हा दुसऱ्याच कोणाची तरी होते. आतली चाकं जमीनच सोडतात. आत कोणीतरी बसलंय आणि ते माझं ऐकत नाही, असं वाटतं."

"शॉकअप थकलेत," अण्णा म्हणाले.

शॉकअप म्हणजे चाकाचे धक्के गिळणारी नळकांडी. त्यासाठी दुकानदार आला. तो गळ्यात चष्मा अडकवायचा आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "खरं सांगू का" अशी करायचा, त्यामुळे व्यवसायबंधू म्हणून मला त्याच्याविषयी कुतूहल होते.

"खरं सांगू का अण्णा, एका घुंडीच्या शॉकअपवर आता कोणी जात नाही. हे बघा, तीन घुंड्या. वळण वेगळं, खड्डा वेगळा, ब्रेक वेगळा. लहान पोराने हात लावला तरी गाडी सुधारेल."

तीन घुंड्यांचे शॉकअप बसले. गाडी माझ्यावर चढली, पिशव्या सीटवर बसल्या. पाचशे वीस, पाचशे एकवीस. रविवारी उजवे वळण होते तसेच. मग दुकानदाराने जाड दांडी सुचवली, जी गाडीला वळणात झुकू देत नाही. दांडी बसली. उजवे वळण तसेच. अण्णांनी घुंड्या दोन खटके घट्ट केल्या, तीन सैल केल्या, परत घट्ट केल्या. डॉक्टर बदलून पाहावेत तसे त्यांनी स्प्रिंगही बदलून पाहिल्या.

शेवटी स्कॅनर आला. त्याला रंगीत पडदा होता. तो गाडीच्या मेंदूत वायर खुपसायचा, प्रत्येक शॉकअपपाशी सेन्सर नावाचा त्याचा एक हेर चिकटवलेला होता आणि तो रेषांची चित्रे काढायचा. अण्णांनी त्याला टेबल दिले. मला टेबल कधीच मिळाले नव्हते. त्याने सगळी गाडी तपासली आणि हिरव्या अक्षरांत लिहिले : कोणताही दोष आढळला नाही. बिचाऱ्याचे काही चुकले नव्हते. गाडीत दोष नव्हताच. उजव्या वळणात उजवी चाके लोंबकळत होती, तेही त्याने रेषेने दाखवले. फक्त सीटवर कोण बसले आहे, हे विचारायची त्याला पद्धत नव्हती.

त्या रविवारी लांब सरळ रस्त्याच्या शेवटी, उजव्या वळणावर, गाडी गरकन फिरली. ती परत आली तेव्हा जाळीत गवत अडकले होते. धाकटीने हातमोजे काढले.

"भिंत तीन हात राहिली," ती म्हणाली.

"अजून एक खटका घट्ट करतो," अण्णा म्हणाले.

तिने हातमोजे गाडीच्या टपावर टाकले आणि ती निघून गेली.

चार दिवसांनी शाळेला परीक्षेची सुट्टी होती. भर दुपारी, सुताराची करवत जेवायला थांबलेली असताना, ती अचानक गॅरेजात आली. गाडी माझ्यावर उभी होती. सीटवर पट्टा लावून, हेल्मेट घालून तो बसला होता.

धाकटी दारातच थबकली. मग हळूहळू जवळ आली आणि काचेतून आत बघितले.

"हे कोण, अण्णा?"

"वजन आहे. काट्यासाठी."

"कोणाचं?"

अण्णा हातातला पाना पुसू लागले. तो आधीच स्वच्छ होता.

"मी चोपन्न किलोची आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"दादापेक्षा किती कमी?"

"सत्तावीस." त्यांना हिशेब करावा लागला नाही.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं! दादासाठी घातलेली लादी डावीकडे तशीच, आणि उजवीकडे मी. भूमिती शिकवते हो मी! एवढे शॉकअप, एवढ्या दांड्या, तो टीव्ही..." तिने स्कॅनरकडे हात केला. "आणि मी भिंतीपासून तीन हात!"

"लादी त्याने स्वतः बसवली," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बर्फाच्या भिंतीतून यावा तसा आला. "चार बोल्ट. एका बोल्टाला वॉशर उलटा घातलाय गाढवाने. मी तो सरळसुद्धा केला नाही गं."

गाडी माझ्यावर होती, मी दोघांनाही तोच आकडा दाखवत होतो.

मग धाकटीने दार उघडले. हेल्मेट काढून फळीवर ठेवले. पट्टा सोडला. पाठीची पिशवी ओढली, ती येईना.

"मेला तरी वजन उतरवत नाही हा," ती म्हणाली, आणि तिचे नाक लाल झाले.

"वाकून उचलू नकोस, कंबर धरेल. थांब, मी येतो."

दोघांनी मिळून चारही पिशव्या फरशीवर उतरवल्या. धाकटी आत बसली. पाय लांब केले, मान सरळ ठेवली.

माझा आकडा थरथरला आणि थांबला. डावीकडे पाचशे तेरा, उजवीकडे पाचशे एक. एक किलोच्या फरकासाठी आयुष्यभर भांडलेला माणूस बारा किलोंकडे बघत उभा राहिला. मग अण्णा पाना घेऊन डाव्या दारातून आत वाकले. पहिला बोल्ट निघाला. दुसरा, तिसरा. चौथ्यापाशी ते थांबले.

"मी येऊ का?" धाकटीने विचारले.

"हलू नकोस. काटा हलतो."

चौथा बोल्ट निघाला. अण्णांनी वॉशर खिशात टाकला. लादी दोन्ही हातांनी उचलून, मांजराचे पिल्लू न्यावे तशी छातीशी धरून बाहेर आणली आणि पिशव्यांशेजारी ठेवली. मग डबीपाशी वाकले.

डावीकडे चारशे अठ्ठ्याण्णव, उजवीकडे चारशे अठ्ठ्याण्णव.

"हलू का आता?"

"थांब जरा," अण्णा म्हणाले.

ते बघत राहिले, मी दाखवत राहिलो. ती श्वास घेई तेव्हा शेवटचा आकडा किंचित मागेपुढे होई. अण्णांनी तोही हलताना पाहिला असावा, कारण त्यांनी तिला बरीच मिनिटे उतरू दिले नाही.

तर मित्रांनो, आता मी परत भिंतीवर असतो. टेबल स्कॅनरकडेच आहे. माझ्या एका पाटीचे रबर फाटले आहे आणि डबी चालू केली की शून्यावर येण्याआधी आकडा क्षणभर वर कुठेतरी घुटमळतो. अण्णा तेव्हा श्वास रोखून बघतात. वायर जुनी झाली आहे, दुसरे काही नाही.

तुमच्या जवळपास माझ्यासारखा एखादा काटा असेल तर त्याची काळजी घ्या. त्याच्या वायरी दुमडू नका. वर्षातून एकदा तरी पितळी मापे ठेवून त्याला तपासा. गाडी मोजायची तर जो चालवणार आहे त्यालाच आत बसवा, तो कितीही शिंकत असला तरी. आणि कोणी सहज गंमत म्हणून काट्यावर उभा राहिला आणि आकडा पाच किलोंनी कमी आला, तर हसण्याआधी त्याच्या कपाळाला हात लावून बघा. मला हात नाहीत.

पुढच्या रविवारी धाकटी ट्रॅकवर गेली. अण्णा त्या उजव्या वळणापाशी दिवसभर उभे होते. गाडी दर वेळी रुळावरून गेल्यासारखी वळली, चारही चाके जमिनीवर. तिथे उभे असलेले अण्णा दिसले की तिचा पाय दर वेळी एक्सिलेटरवरून किंचित वर यायचा. तिची सर्वांत वेगवान फेरी आधीच्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने हळू होती.